क्लॅरिनेटच्या मापाचे दात

बाबांनी वरच्या दातांची नवी कवळी बसवली आणि पुढच्याच तालमीत त्यांच्या क्लॅरिनेटमधून असा चीत्कार निघाला, की ढोलवाल्याने कुणाला लागलं का म्हणून वाकून पाहिलं. बँडमास्तर सभ्य गृहस्थ होते. म्हणाले, "शनिवारी एकदा वाजवून दाखवा. नाहीच जमलं, तर खुर्ची दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल."

आई गेल्यापासून बाबा घराबाहेर पडत ते फक्त तालमीला. मुलीने ऑफिसातून रजा काढली आणि त्यांना वाद्यांच्या दुकानात नेलं.

दुकानदाराने तोंडाकडे न बघताच निदान केलं. "माउथपीस जुनं झालंय. हे घ्या, याची फट मोठी आहे."

मोठ्या फटीवर बाबांची तीन नंबरची कडक रीड हलेचना. नुसती हवा जाई.

"मग दोन नंबर लावा. वेताची पट्टीच ती, मऊ असली की बोलते."

दोन नंबरची रीड बोलली, पण बदकासारखी.

"ओठ आवळा, काका."

बाबांनी ओठ आवळले. सूर लागला. पाठोपाठ कवळी सुटली आणि माउथपीसवर बसून बाहेर आली.

दुकानदाराने ती बराच वेळ न्याहाळली. "माउथपीस बरोबर आहे, रीडही बरोबर आहे," तो म्हणाला. "आता दात बदला."

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी कवळी घासायला घेतली. "काका, आता चावून बघा."

"चावून कशाला? वाजवून बघतो."

त्या घासत, बाबा फुंकत. बाहेर चार पेशंट बसले होते. आतल्या तिसऱ्या किंकाळीला तिघे उठून गेले. चौथ्याने मुलीला विचारलं, "भूल देत नाहीत का हो?"

शनिवारी बाबांनी वाजवलं. बँडमास्तर पुढच्या कार्यक्रमाचा कागद बाबांच्या स्टँडवर ठेवून पुढे गेले.

घरी जेवायला बसल्यावर कळलं, की वरचे दात आणि खालचे दात यांची आता गाठच पडत नाही.

"बाबा, अहो, चावणार कसे?"

"तुझी आई म्हणायचीच, मी नुसता गिळतो म्हणून."

मुलीने हट्टाने जेवायची वेगळी कवळी करून घेतली. बाबांनी ती लावून, सहज म्हणून, एकदा क्लॅरिनेट फुंकलं. वरचे सूर कमालीचे सुरेख लागले. फक्त एक कोपरा जरा घासायला हवा होता.

आता घरात दोन कवळ्या आहेत: एक खालच्या सुरांसाठी, एक वरच्या. मंगळवारी आणि शुक्रवारी बाबा तालमीला जातात. मुलगी त्यांचं जेवण मिक्सरमधून काढते आणि ते येईपर्यंत झाकून ठेवते.