लूपवाले कोंढाळकर

कोंढाळकर कुणाला रामराम करत नसत. समोरचा चढ चढून धापा टाकत असो की मयताला निघालेला असो, ते थेट विचारत, "किती?"

म्हणजे मुलं किती. वेल्ह्याच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू व्हायला मी एस्टीतून उतरलो, तेव्हा मलाही त्यांनी तेच विचारलं. लग्न झालेलं नाही म्हटल्यावर माझा हात घट्ट दाबून म्हणाले, "उत्तम! असंच चालू द्या."

ते कुटुंबनियोजनाचे प्रचारक. साठच्या दशकात हे खातं नवंच होतं. गळ्यात पत्र्याचा कर्णा, काखेत चित्रांची गुंडाळी. बाजाराच्या दिवशी ते ओट्यावर चढत आणि सुक्या बोंबलाच्या वासात राष्ट्राचं भवितव्य सांगत. भाषा सगळी सरकारी पत्रकातली. 'लोकसंख्येचा स्फोट' ऐकून दोन म्हाताऱ्या घाबऱ्याघुबऱ्या विचारायला आल्या होत्या, "कुठं झाला जी? कोन कोन मेलं?"

एकदा त्यांनी सुखी कुटुंबाचं चित्र उलगडलं. आई, बाप, दोन गुटगुटीत पोरं. "सांगा, या घरात सुख का आहे?"

मागून ठकूबाई ओरडली, "सासू न्हाई दिसत घरात!"

सगळा बाजार हसला. कोंढाळकरांनी मात्र गंभीरपणे वहीत लिहून घेतलं : 'सासूबाबत शंका.'

मग वरून लूपचं, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून गर्भाशयात बसवायच्या प्लॅस्टिकच्या वेटोळ्याचं, फर्मान आलं. ठरलेल्या तारखेच्या आत ठरलेल्या संख्येइतक्या बायकांना लूप बसलंच पाहिजे. कोंढाळकरांनी वाड्यावस्त्या पालथ्या घालून अकरा जणी आणल्या. जीपमधून डॉक्टरीणबाई आल्या, दुपारपर्यंत काम उरकलं. त्यांच्याबरोबर आलेल्या खात्याच्या साहेबांनी कोंढाळकरांची पाठ थोपटली, भजी खाल्ली आणि जीप धुरळा उडवत गेली.

तीन आठवड्यांनी ठकूबाई त्यांच्या दारात येऊन उभी राहिली. अकरा जणींत तिची सून होती, हौसा.

"तुज्या लुपाला आग लागो! पोरगी पांढरीफटक पडली माजी. रगात थांबंना."

कोंढाळकरांनी आधी पत्रक शोधलं. त्यात छापलं होतं, 'किरकोळ तक्रारींकडे दुर्लक्ष करावे.' त्यांनी ते दोनदा वाचलं, चुरगाळलं आणि साहेबांकडे जीप मागायला धावले.

साहेब म्हणाले, "जीप केस आणायला आहे, कोंढाळकर. केस न्यायला नाही."

शेवटी ठकूबाईच्या वस्तीवर जाऊन डोली केली. एका दांडीला खुद्द कोंढाळकरांनी खांदा दिला. शाळेला सुट्टी होती, मीही सोबत निघालो. डोंगर उतरून एस्टी, कापूरहोळला गाडी बदलून भोर. ठकूबाई वाटभर त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. कर्ण्यातून तासन्‌तास बोलणाऱ्या माणसानं नुसतं हौसाला घोटघोट पाणी पाजलं.

भोरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी लूप काढलं. दुपार कलताना बाहेर येऊन म्हणाले, "वाचेल. आणखी एक दिवस गेला असता, तर हाती लागली नसती."

हौसाचं अंगावरचं पोर भुकेनं रडत होतं. कोंढाळकर त्याला खांद्यावर घेऊन अंगणात येरझारा घालत होते. मी म्हणालो, "तुमचा काय दोष? हुकूम वरचा."

"मास्तर, माझी आई नवव्या बाळंतपणात गेली. मी आठवा. तिचं तोंडसुद्धा आठवत नाही मला. म्हणून ही नोकरी धरली. आणि आज या पोराची आई मीच..."

त्यांनी पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

पायरीवर बसलेल्या ठकूबाईनं हे ऐकलं. मग तिनं फडकं सोडलं, भाकरी मोडली आणि अर्धी पुढं केली. "खा. सकाळधरनं पोटात काय न्हाई तुज्या."

कोंढाळकर पोराला मांडीवर घेऊन खाली मान घालून जेवले. हात धुताना म्हणाले, "उरलेल्या दहा जणींना उद्याच बघून यायला हवं."

"एकटा जाऊ नगंस," ठकूबाई म्हणाली. "मार खाशील. म्या येते संगं."