कॅमेरा बदलावा की मेश्रामभाऊ?

मेश्रामभाऊ फोटो काढायला लागले, की समोरच्याला आपला फोटो निघतोय की आपल्याला अटक होतेय, हे शेवटपर्यंत कळत नाही. आधी ते त्याला भिंतीपाशी नेतात. मग हनुवटी वर, हात खाली, नजर समोर. मग एक डोळा मिटून असा करडा आवाज लावतात, "हालाचं नाई," की माणूस तर सोडाच, नालवाडीतल्या आमच्या गल्लीतली कुत्रीही शेपटी आवरून उभी राहतात. एकदा त्या आवाजाने वर्ध्याकडे निघालेला ऑटो जागीच थांबला. ड्रायव्हरने खाली उतरून कागद दाखवले.

यात त्यांचा दोष नाही. उभी नोकरी पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत गेली, तीही गेटवर. तिथे कॅमेरा आत न्यायचा नसतो. भाऊंनी जन्मभर लोकांच्या पिशव्या आणि डबे उघडून पाहिले. बिघडलं ते एवढंच, की हा नियम ते जेवणाच्या डब्यासोबत घरीही घेऊन आले. घरात कॅमेरा कधी शिरला नाही. मुलीच्या लग्नात फोटोग्राफर आला, तर मांडवाच्या दारात भाऊंनी त्याची बॅग इतकी कसून तपासली, की तोवर पंचशील म्हणून झालं, हार घालून झाले आणि वऱ्हाडी पंगतीला बसलेही होते. अल्बममध्ये नुसते जेवणारे लोक आहेत.

रिटायर झाल्यावर त्याच मुलीने पुण्याहून एक साधा, शिकाऊ माणसाचा कॅमेरा पाठवला. भाऊंनी तो टेबलावर ठेवला आणि बरेच दिवस त्याच्यावर नुसता पहारा दिला. मग एके सकाळी उचलला आणि जाहीर केलं, की निर्मलावहिनींचा एक झकास फोटो काढून बैठकीत लावायचा. कारण त्या घरात वहिनींचा फोटो एकच, आधार कार्डावरचा. आणि आधार कार्डावर आपण सगळेच फरार दिसतो.

तो झकास फोटो काही येईना. रोज दुपारी वहिनी अंगणातल्या भिंतीपाशी खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून, गेटपास काढायला आल्यासारख्या बसत. रोज त्या फोटोत धुक्यातून आल्यासारख्या निघत. आणि रोज संध्याकाळी भाऊ गल्लीभर निकाल ऐकवत, "कॅमेऱ्यात दम नाई."

गल्लीत दोन पक्ष पडले. किराणावाले गुप्ताजी 'नवा घ्या' पक्षाचे पुढारी. स्वतःच्या दुकानातला तराजू त्यांनी आजोबांच्या काळापासून बदललेला नाही, पण दुसऱ्याने खर्च करावा याबाबत त्यांचं मन मोठं आहे. "मेश्रामजी, लेन्स बडा लो, बाकी सब अपने आप होता," असं ते साखर तोलता तोलता सांगत. दुसरा पक्ष 'आधी हात बसवा' म्हणणाऱ्यांचा. त्याचा अध्यक्ष मी आणि सभासदही मीच. कॅमेऱ्यासोबत आलेलं पुस्तक मी एकदा चाळलं होतं, आणि नालवाडीत तेवढ्यावर माणूस तज्ज्ञ होतो.

मी शिकवणी सुरू केली. कोपर बरगडीला चिकटवा, श्वास रोखा, बटण अलगद दाबा. पहिल्या दिवशी भाऊंनी श्वास असा रोखला, की चेहऱ्याचं भरताचं वांगं झालं आणि मलाच ओरडावं लागलं, भाऊ, सोडा आता. पण माणूस मेहनती. हात बसावा म्हणून काठोकाठ भरलेला पेला तळहातावर घेऊन ते भर बाजारातून फिरून आले. थेंब सांडला नाही. उलट परत येताना पाणी थोडं वाढलं होतं, असं गुप्ताजी अजून शपथेवर सांगतात.

तरी वहिनी धुक्यातच. "आता नवाच घेतो," भाऊ म्हणाले. माझ्या पक्षाच्या अब्रूचा प्रश्न होता. मी म्हटलं, आधी एक परीक्षा घेऊ, आणि त्यांना बसमध्ये घालून पवनारला धाम नदीवर नेलं. भाऊंनी खडकावरचा एक बगळा टिपला. काय फोटो आला म्हणता! पीस अन् पीस मोजून घ्यावं. चोचीतल्या मासोळीच्या चेहऱ्यावरचा पश्चात्तापसुद्धा दिसत होता. म्हणजे कॅमेराही बरा आणि हातही बरा.

मी विजयी मुद्रेने त्यांच्या घरी आलो. वहिनी शेजारी गेल्या होत्या. जुने फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठे करून करून पाहू लागलो. भिंतीचे पोपडे स्पष्ट. खुर्चीची वीण स्पष्ट. मागच्या दोरीवरचे कपड्यांचे चिमटे स्पष्ट. हललेल्या होत्या त्या फक्त वहिनी. मांडीवरचे हात आणि थोडी हनुवटी.

मी तोंड उघडणार तोच भाऊंनी उठून दार लोटलं.

"मले मालूम हाय," ते म्हणाले. "कवाचं मालूम हाय. चूप बसली का तिचे हात कापतेत. तिले वाटते, कोनाले दिसत नाई. डॉक्टरचं नाव काढलं का जेवन सोडते. मंग मी कॅमेऱ्याले शिव्या देतो. त्याले काय लागते?"

त्या दिवशी मी एकही सल्ला न देता घरी गेलो. गल्लीच्या इतिहासात ही घटना अजून एकमेव आहे.

पुढच्या आठवड्यात मी सहज गेलो, तर वहिनी अंगणात सूप घेऊन तुरीच्या शेंगा सोलत होत्या आणि मला आपल्या नणंदेचा कंजूषपणा सविस्तर सांगत होत्या. भाऊ बाजेवर कॅमेरा पुसत बसलेले. एकाएकी त्यांचा फडक्याचा हात थांबला. मीही पाहिलं. शेंगा सोलताना वहिनींचे हात अगदी ठाम होते. कामात असले की ते कापत नव्हते. रिकामे ठेवले की कापत. आणि हा गृहस्थ इतके दिवस त्यांना रिकामं बसवत होता.

भाऊंनी हुकूम सोडला नाही. खुर्ची नाही, भिंत नाही. नणंदेची गोष्ट ऐन रंगात आली तेव्हा त्यांनी हळूच बटण दाबलं.

फोटोत वहिनी खळखळून हसत होत्या. बोटातून निसटलेला हिरवा दाणा हवेत होता.

"लुगडं तरी बदलू द्याचं होतं," फोटो पाहून वहिनी आधी भांडल्या. मग पडदा डोळ्यांजवळ नेऊन कितीतरी वेळ पाहत राहिल्या. "मंग इतके दिवस काऊन बिघडून राह्यले होते?"

मी त्या क्षणी गुप्ताजींच्या पक्षात जाऊन सगळा दोष लेन्सवर घालायला तयार होतो.

"माह्या हात कापून राह्यला होता," भाऊ म्हणाले. जन्मात कधी चूक कबूल न केलेला माणूस. "वय झालं आता."

वहिनींनी सूप बाजूला सारलं आणि त्यांचा हात आपल्या हातात घेतला. दोघांत कोणाचा कापतोय, हे लांबून कोणालाही सांगता आलं नसतं.

"असं अंगावर काढू नये," त्या म्हणाल्या. "डॉक्टरले दाखवा लागते."

"दाखवतो. पन तू संगं चाल. मले एकट्याले भेव लागते."

वहिनींनी सुपातला कचरा निवडून बाजूला केला, पदर सारखा केला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "भाऊजी, दवाखाना सकाळी किती वाजता उघडते?"