ब्रेडला शिस्त लावताना

"स्प्रिंगचं सिम्युलेशन? हा तर माझ्या डाव्या हातचा मळ!" असं मी सकाळी साहेबांना ठणकावून सांगितलं. सासूबाईंनी आदल्या दिवशी विचारलं होतं, "ब्रेड वर येतो हे बघायला एवढं शिकावं लागतं?" त्याचा राग कुठेतरी काढायचा होताच!

काम साधं होतं. दुपारी टोस्टरचा व्यापारी येणार. दांडी सुटली की स्प्रिंग ट्रे वर ओढते आणि ब्रेड डोकं बाहेर काढतो, एवढं त्याला स्क्रीनवर दाखवायचं. पटलं तर ऑर्डर आमची. नाही पटलं तर आमचा डिझाइन विभाग, म्हणजे मी आणि ड्राफ्ट्समन, पॅकिंगच्या कामाला!

मी 'रन' दाबलं. ट्रे ढिम्म!

"ताई, हँग झालं का?" ड्राफ्ट्समन.

हँग नव्हतं झालं. ट्रे खाली असतानाच मी स्प्रिंग जोडली होती. सॉफ्टवेअरने ती ताणलेली लांबीच तिची मूळ लांबी धरली. आपल्याला कुणी ताणलंय याचा स्प्रिंगला पत्ताच नव्हता. सुट्टीवर असल्यासारखी निवांत! मी लांबी दुरुस्त केली आणि पुन्हा रन.

"ताई, ब्रेड गेला."

"कुठे?"

"वर."

आम्ही स्क्रीनवरचं दृश्य लहान करत गेलो. टोस्टर मुंगीएवढा झाला तरी ब्रेड आपला चढतोच आहे! ट्रेला अडवणारी पट्टी होती, पण तिला धडकायचं असतं हे मी सॉफ्टवेअरला सांगितलंच नव्हतं. ट्रे तिच्यातून आरपार गेला होता. बिचाऱ्याला बारीकसारीक गोष्टीही सांगाव्या लागतात, अगदी नवऱ्यासारख्या!

तेही सांगितलं. आता ट्रे पट्टीला आपटून थांबला. ब्रेड मात्र उडाला तो थेट स्क्रीनबाहेर! नेमके साहेब मागे उभे.

"ही काय सर्कस आहे?"

"साहेब, स्प्रिंग फार कडक आहे. नरम घेऊ या."

"पोतंभर स्प्रिंग येऊन पडल्यात! त्या काय भाजी म्हणून शिजवू? ते तुमचं डॅम्पिंग का काय असतं ना, ते घाला!"

डॅम्पिंग म्हणजे हालचाल मंदावणारा रोध. मी एक आकडा टाकला. ब्रेड जरा वरमला. मोठा आकडा टाकला. आता तो लिफ्टमधून आल्यासारखा अलगद वर आला आणि अदबीने थांबला!

"याला म्हणतात इंजिनीयर!" साहेब म्हणाले. माझ्या कुर्त्याला कॉलर नव्हती, नाहीतर तीही ताठ केली असती.

व्यापारी आला. त्याने स्क्रीनवरचा ब्रेड पुन्हा पुन्हा वर आणायला लावला. "झकास! आता खरा दाखवा."

नमुना वर्कशॉपमध्ये तयारच होता. साहेबांनी स्वतःच्या हाताने ब्रेड ठेवला, दांडी दाबली आणि सोडली.

खट्!

ब्रेड पंख्याला लागला आणि तिथून व्यापाऱ्याच्या चहात पडला.

व्यापाऱ्याने शर्टावरचा चहा शांतपणे पुसला. "स्क्रीनवर तर हळू येत होता."

"हो ना," साहेब म्हणाले.

"मग त्याला हळू आणणारा भाग कुठे आहे?"

साहेबांनी ड्राफ्ट्समनकडे पाहिलं. ड्राफ्ट्समनने माझ्याकडे. माझ्यानंतर भिंत होती! तो भाग मी कीबोर्डवरून बसवला होता. ड्रॉइंगमध्ये नाही, पत्र्यात नाही, कुठेच नाही!

व्यापारी उठला. "ऑर्डर पक्की समजा."

साहेबांचा चेहरा उजळला.

"फक्त हा नको. तो स्क्रीनवरचा पाठवा."

ऑर्डर तेवढ्यावरच अडली आहे. तो भाग कधी होतोय, असं साहेब रोज विचारतात. मीही रोज खरं तेच सांगते, "सॉफ्टवेअरमध्ये तयार आहे, साहेब!"