मोघेकाकांची दुसरी लाट

मोघेकाकांना तुम्ही "काय, बरं आहे ना?" असं विचारलंत, की ते उत्तर देत नसत. उजव्या हाताचं बोट वर करत आणि मनाशी आकडे मोजू लागत. तुम्ही मुद्द्यावर आलात की बोट खाली येई. "हं. तू कटकला आहेस," ते म्हणत.

कलकत्त्यातल्या एका वेधशाळेत ते भूकंपाच्या यंत्रावर होते, आणि मी त्यांच्या हाताखालचा नवा कारकून. त्यांचं शास्त्र असं: भूकंपाच्या जागेपासून दोन लाटा निघतात. पहिली खडकाला पुढे ढकलत धावते. चपळ, पण हलकी. दुसरी आडवे हिसके देत येते. सावकाश, पण हादरवते ती हीच. निघतात दोघी एकदमच. मात्र जितकं लांब जावं, तितकी दुसरी मागे पडत जाते. म्हणून दोघींमधला वेळ मोजला, की भूकंप किती दूर झाला ते कळतं.

"माणसांचंही तेच," काका म्हणत. "हवापाणी ही पहिली लाट, मागणं ही दुसरी. जवळचा माणूस दारातूनच मागतो. लांबचा मला आधी हिल्सा माशाचा भाव सांगतो. मला, शाकाहाऱ्याला."

मी गणपतीची रजा मागायला गेलो तेव्हा त्यांच्या तब्येतीपासून सुरुवात केली. मग डास, मग रसगुल्ले, मग हावड्याचा पूल. आपण फार मुत्सद्दीपणे बोलतो आहोत असा माझा समज होता. रजेचा शब्द काढला तोवर काकांचा हात अवघडला होता.

"तू जपानात आहेस," ते म्हणाले. "रजा नाही."

त्या दिवसापासून सगळी कचेरी मला जपानी म्हणू लागली.

भवानीपुरात ट्रामच्या रस्त्यावर त्यांचं घर. पुढच्या खोलीत तुळईच्या कडीला एक कंदील टांगलेला. तो कधी पेटवत नसत. जमीन हलली तर दिसावं म्हणून तो होता. पहिल्याच भेटीत तो हलताना पाहून मी एका पायात चप्पल घालून थेट फुटपाथ गाठला. वर खिडकीतून काका शांतपणे म्हणाले, "ट्राम."

काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा शरद तिथून तीन-चार मैलांवर बेहाल्याला राहायचा. त्यानं बापाला न विचारता लग्न केलं म्हणून बाप बोलला नाही, आणि बाप बोलला नाही म्हणून तो वेगळा झाला. फाळणीनंतर शहरात खोली मिळणं कठीण होतं. त्यातच शरदच्या घरमालकानं जागा सोडायला सांगितल्याचं माझ्या कानावर आलं. सूनबाईंना दिवस गेले होते. मी काकांना म्हणालो, "जाऊन घेऊन या ना त्यांना."

"भूकंप झाला का, असं विचारत आम्ही डोंगराकडे जात नाही," काका म्हणाले. "इथे यायला हवं ते."

पण दसऱ्याला मी सोनं द्यायला गेलो, तर पुढची खोली रिकामी केलेली. पेट्या गेल्या, कागदांचे गठ्ठे गेले, कंदीलही माळ्यावर गेला. कडीला तेल दिलेलं होतं.

"शरदच्या पाळण्याची कडी," काका भिंतीकडे बघत म्हणाले. "गंजली होती."

तेवढ्यात शरदच आला. आपटा कुठला मिळायला. कसली तरी पानं बापाच्या हातावर ठेवून वाकला.

"बाबा, बरं आहे ना?"

काकांचं बोट वर गेलं.

शरद पूजेच्या गर्दीबद्दल बोलला, पावसाबद्दल बोलला. मग त्यानं खोलीभर नजर फिरवली. "कंदील काढलात?"

"हो."

आता माग रे बाबा, असं मी डोळ्यांनी खुणावत होतो. शरद म्हणाला, "तुमच्या डोळ्यात काही गेलंय का?"

मग चहा झाला. बशीकडे बघत तो म्हणाला, "पार बराकपूरला एक खोली पाहिलीय. ओल आहे जरा. पण चालेल."

बोट वरच होतं. शरदनं कपबशी खाली ठेवली. मग चपला घालून जिना उतरला.

मला कधी गप्प बसावं ते कळत नाही. मी म्हणालो, "काका, दुसरी लाट राहिलीच."

"फार लांबची असली की येत नाही," ते म्हणाले. "पृथ्वीच्या पोटात वितळलेला थर आहे. पहिली त्यातून पार होते. दुसरीला घट्ट काहीतरी लागतं, पातळातून तिला वाट नाही. पृथ्वीच्या पार पलीकडे काही झालं, तर इथे नुसती पहिली पोचते."

"तो बेहाल्याहून आला होता, काका. तुम्ही तरी बोलायचं होतंत."

"यंत्र बोलत नाही. नोंदतं."

त्यांनी स्टूल ओढलं, माळ्यावरचा कंदील उतरवला आणि कडीत अडकवला. हात तसाच कंदिलावर ठेवून ते स्टुलावर उभे राहिले. कंदील थरथरत होता.

मी खिडकीशी गेलो. खाली रुळांवरून ढाकाचे ढोल वाजवत दुर्गेच्या विसर्जनाची माणसं चालली होती. ट्राम दुपारपासून बंद होत्या.

"ट्राम," काका म्हणाले.