गुण तीन झाल्यावर

आजार कोणाला होतो यापेक्षा तो रीतसर होतो की नाही, हे महत्त्वाचं असतं. माझी बायको शालू हिला तो रीतसर झाला नाही. तिच्या नसांवरचं वेष्टण झिजतंय असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच दिवशी सकाळी मी बावीस उंदरांना तोच आजार झाल्याची नोंद करून आलो होतो.

मी एका संशोधन संस्थेच्या प्राणिगृहात मदतनीस आहे. तिथे हा आजार उंदरांना मुद्दाम देतात, वेळापत्रकाप्रमाणे. आधी समितीला लेखी द्यावं लागतं की प्राण्याला त्रास कमीत कमी होईल. (माणसांसाठी अशी समिती नाही.) रोज सकाळी प्रत्येक उंदराला गुण द्यायचे. शेपूट लुळी पडली, एक. मागचे पाय डगमगले, दोन. पाय ओढत चालला, तीन. तीन झाले की खाणं वरच्या जाळीतून काढून खाली ठेवायचं, पाण्याच्या बाटलीला लांब नळी लावायची. त्याच दिवशी. उंदराला अर्ज करावा लागत नाही.

शालूला शेपूट नसल्याने तिची सुरुवात दोनपासून झाली. चहाच्या वेळी ती विचारायची, "आज किती?"

"अडीच."

"ओळख बघू नका. खरे द्या."

तीन झाल्यावर मी सोसायटीकडे अर्ज केला. आम्ही कात्रजला तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. जिन्याला भिंतीकडूनही कठडा लावला असता, तर दोन्ही हातांनी धरून ती एकटी खाली उतरली असती. सुतारही मीच ठरवला होता.

सेक्रेटरी अनंतराव सज्जन माणूस. म्हणाले, "मच्छिंद्रराव, विषय जरूर घेऊ. पण जिना चार इंच अरुंद होतो. उद्या कुणाला कपाट वर न्यायचं झालं तर?"

सोळा घरांपैकी चौदा कपाटाच्या बाजूने पडली, एक गैरहजर. (कपाट कुणीच घेत नव्हतं.) विषय पुढच्या सभेवर गेला.

शालू म्हणाली, "अहो, तुमच्याकडे एखादा पिंजरा रिकामा आहे का बघा. खालच्या रांगेतला."

मी बघितलं. खालची रांग भरलेली होती.

चौदा महिने ती खाली उतरली नाही. मग छातीत कफ झाला आणि ती गेली. चौघांनी तिला खाली नेलं, त्यात अनंतराव पुढे होते. जिना पुरेसा रुंद होता, हे मान्य करायला हवं.

संस्थेचं काम उत्तम चाललंय. नव्या औषधाने नऊ उंदीर पुन्हा चालू लागले.

तुम्ही आज घरी जाताना जिन्यात भिंतीकडे हात नेऊन बघा. हाताला कठडा लागला नाही, तर तुमच्याही सोसायटीत अशी सभा झाली आहे आणि तुम्ही तिला हजर होता.

आमचा विषय अजून पुढच्या सभेत आहे. कठडा लावलेला नाही.