हुप्पाण्णांचा नेमबाज बांबू

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही होतं. नदी होती, करवंदीच्या जाळ्या होत्या, सरपंच म्हणून एक गवा होता. अलीकडे तिथे स्वाभिमानसुद्धा आला होता.

त्या जंगलात ठकी नावाची तितरीण राहायची. समोरच्या सुळक्यावर एक वठलेलं झाड होतं. त्यावर रोज सकाळी ससाणा येऊन बसायचा आणि झेप घेऊन ठकीचं एखादं पिल्लू उचलायचा. तीनच उरली, तेव्हा त्यांना करवंदीच्या जाळीत ठेवून ठकी सरपंचांकडे गेली.

सरपंच म्हणाले, नेम धरून जाणारे अग्निबाण मोठ्या राज्यांकडे असतात, आपल्याला ते परवडायचे नाहीत.

तेवढ्यात झाडावरून हुप्पाण्णा वानर खाली उतरले. त्यांनी एकदा गावच्या जत्रेत आतषबाजी पाहिली होती. लांबून पाहिली होती, तरी पाहिली होती. त्यामुळे जंगलात त्या विषयातले तेच जाणकार.

"बाहेरून कशाला आणायचा?" हुप्पाण्णा म्हणाले. "घरी करू. स्वस्तात."

त्यांनी एक पोकळ बांबू घेतला. त्यात जत्रेत उरलेली दारू भरली. बांबूच्या शेपटाला पळसाची पानं लावली आणि टोकाशी रंगोबा सरड्याला बसवलं. रंगोबाच्या दोन हातांत त्या पानांना बांधलेल्या दोन दोऱ्या. डावी ओढली की बांबू डावीकडे, उजवी ओढली की उजवीकडे.

"बघायचं आणि ओढायचं," हुप्पाण्णा म्हणाले. "यात कसली आलीय विद्या?"

मग चाचणी झाली. हुप्पाण्णांनी बांबू खांद्यावर घेतला आणि ते रमतगमत चालू लागले. रंगोबा दोऱ्या ओढी, हुप्पाण्णा तसे वळत. बांबू बरोबर वठलेल्या झाडापाशी पोचला. टाळ्या पडल्या.

ठकीने भीतभीत विचारलं, "अण्णा, हा तर तुम्ही चालवत नेलात. उडताना रंगोबांना एवढी उसंत मिळेल?"

हुप्पाण्णांनी तिला समजावलं, की शंका घेणाऱ्यांमुळेच जंगल मागे राहिलं. शिवाय तिला एक कामही दिलं. ससाणा झाडावर बसला, तरच नेम धरता येणार. म्हणून तिने पिल्लांना करवंदीच्या जाळीत न ठेवता उघड्या माळावर ठेवावं. जंगलाच्या हितासाठी.

ठकीने ठेवलं.

उड्डाणाच्या सकाळी नारळ फुटला. बांबूला हळदकुंकू लागलं. कुणीतरी हौसेने टोकाला लिंबू-मिरची बांधली. ती रंगोबाच्या उजव्या डोळ्यासमोर लोंबू लागली. रंगोबा म्हणाला, जरा बाजूला करा. पण पूजा झालेली वस्तू हलवणार कोण?

ससाणा येऊन बसला. वात पेटली. बांबू निघाला.

रंगोबाला झाड दिसलं डावीकडे. त्याने दोरी ओढेपर्यंत ते गेलं उजवीकडे. त्याने उजवी ओढली, ती जास्तच ओढली गेली. बांबू दारू प्यायलेल्या सापासारखा आकाशात वळवळू लागला. पळसाची पानं जळाली. रंगोबाने दोऱ्या सोडल्या, दोन्ही डोळे मिटले आणि नदीत उडी घेतली.

बांबू ग्रामसभेच्या मांडवावर पडला.

त्या धांदलीत ससाण्याने शांतपणे झेप घेतली आणि एक पिल्लू उचलून नेलं.

चौकशी बसली. लिंबू लहान पडलं, असा निष्कर्ष निघाला. पण हुप्पाण्णा प्रामाणिक होते. ते म्हणाले, नेमाचं थोडं मार्गदर्शन हवं. आणि या जंगलात नेमाचा अनुभव आहे कुणाला?

सगळ्यांनी सुळक्याकडे पाहिलं.

ससाणेसाहेब सल्लागार झाले. त्यांनी शाल घेतली आणि फार विद्वत्तापूर्ण भाषण केलं. झेप घेताना डोळा, मान आणि पंखातलं पीस न् पीस क्षणाक्षणाला एकमेकांशी बोलत असतं, ते म्हणाले. इथे सरडा दोरीशी बोलतो, दोरी पानाशी बोलते, आणि निरोप पोचेपर्यंत बांबू पुढच्या गावाला गेलेला असतो.

"पण प्रयत्न सोडू नका," ते गोड आवाजात म्हणाले. "मी रोज येत जाईन."

मानधन म्हणून त्यांना रोज एक पिल्लू द्यायचं ठरलं.

ठकी उठली. "आजवर तो चोरून न्यायचा," ती म्हणाली. "आता तुम्ही पानात वाढून देणार?"

सरपंचांनी तिला प्रगतीच्या आड येऊ नकोस म्हणून बजावलं. उरलेली दोन पिल्लं घेऊन ठकी गेली आणि करवंदीच्या जाळीत, जिथे काटे सगळ्यात दाट होते तिथे शिरली. तिची आई हेच करायची. तिच्या आईची आईही.

ससाणेसाहेबांनी बरेच दिवस माळावर वाट पाहिली. मग मानधन मिळत नाही म्हणून राजीनामा दिला आणि ते दुसऱ्या जंगलात सल्लागार झाले.

मुलांनो, ठकीची पिल्लं मोठी झाली. आणि हुप्पाण्णांचं काम बंद पडलं, कारण नेम धरायला समोर कुणी उरलंच नाही. ते आजही याबद्दल ठकीला दोष देतात.

तात्पर्य: संकट आलं तर करवंदीच्या जाळीत लपू नये. जीव वाचतो, पण संशोधनाचं फार नुकसान होतं.