निकषाला सहाशे ग्रॅम कमी

रेकॉर्डबाईंनी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, एका मंगळवारी, पावणेअकरा वाजता, आपल्या जठराचा तीन चतुर्थांश भाग काढून टाकण्याचा निर्णय घेतला आणि तसा अर्ज तीन प्रतींत कार्यालयाच्या वैद्यकीय मंजुरी समितीकडे सादर केला. कार्यालयाचे सगळे जुने कागद त्यांच्या ताब्यात असत, म्हणून त्यांना रेकॉर्डबाई म्हणत. वजन एकशे तेवीस किलो. गुडघे गेलेले, साखर वाढलेली आणि झोपेत श्वास मध्येच सुट्टीवर जाणारा. पण अर्जाचं खरं कारण त्यांनी कुठल्याच रकान्यात लिहिलं नव्हतं, कारण त्यासाठी रकाना नव्हता. त्यांचे वडील लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहत. दोन वर्षं बापलेकीची भेट अशी व्हायची : वडील वर गॅलरीत, बाई खाली फुटपाथवर. वडील दोरीला बांधून टोपली खाली सोडत, बाई तीत औषधं ठेवत, आणि घरगुती गोष्टी अख्खी गल्ली ऐकत असे.

"बाळ, जावयाचं पोट साफ झालं का?" वडील वरून विचारत.

"झालं, बाबा!" बाई खालून ओरडत. समोरचा चांभारही मान डोलावे.

समितीच्या लेखनिकेनं अर्ज चाळला. तिच्या लेखी, एकशे वीस किलोच्या खालचा माणूस धडधाकट होता. "तुम्ही एकशे तेवीस. निकषात बसता. आता फक्त सहा महिने देखरेखीखाली आहार घेऊन वजन कमी करायचा प्रामाणिक प्रयत्न करा. तो फसला की ऑपरेशन."

"अहो, मी बावीस वर्षं तेच करतेय."

"देखरेखीखाली होतं का?"

सासू, नणंद, शेजारीण, पोस्टमन आणि बसमधल्या अनोळखी बायका यांची देखरेख नियमात बसत नव्हती. बाई पुन्हा उपाशी राहू लागल्या. त्या मुळातच काटेकोर, त्यात सरकारी देखरेख. सहा महिन्यांनी हॉस्पिटलच्या काट्यावर उभ्या राहिल्या, तर आकडा एकशे एकोणीस पूर्णांक चार.

"अरेरे," लेखनिक हळहळली. "सहाशे ग्रॅमनं हुकलं."

"म्हणजे प्रयत्न फसला नाही?"

"फसला असता तर तुम्ही आजारी ठरला असता. आता तुम्ही बऱ्या आहात. दीड महिन्यात निकषात आलात तर फाईल जिवंत, नाहीतर नवा अर्ज."

बाई तडक ऑपरेशन करणार असलेल्या सर्जनबाईंकडे गेल्या. सर्जनबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "मी डॉक्टर आहे. वजन वाढवा असं मी म्हणू शकत नाही. तुम्ही वाढवू नका असंच मी सांगतेय, आणि ते सांगताना मी खिडकीबाहेर बघतेय. तुमच्या लक्षात येतंय ना?"

लक्षात आलं. घरात क्रांती झाली. बावीस वर्षं ज्या नवऱ्यानं बिस्किटं मोजून डबा कपाटावर ठेवला होता, तो शाळेतून येताना दोन हातांत दोन केक घेऊन येऊ लागला. तो चित्रकलेचा शिक्षक. त्यानं भिंतीवर आलेख काढला, आणि रेघ वर गेली की टाळ्या वाजवू लागला. "अगं, आणखी एक घास. फाईलसाठी." सासूबाई, ज्यांनी सुनेच्या ताटातला बटाटा आयुष्यभर नजरेनं उचलून ठेवला, त्या आता लोण्याचं भांडं घेऊन तिच्यामागे खोल्याखोल्यांतून फिरत. "खा गं, संकोचू नकोस, आपलंच काम आहे!" पहिल्या आठवड्यात बाईंना रडू आलं, दुसऱ्यात हसू. तिसऱ्या आठवड्यात आइस्क्रीम खाताना त्यांना कळलं की कुणी टक लावून बघत नसलं की एका वाटीतच मन भरतं. हा शोध त्यांनी फाईलच्या भल्यासाठी दाबून ठेवला आणि दुसरी वाटी घेतली.

मुदतीच्या दिवशी समितीचा स्वतःचा काटा पुढे आला. तो एकशे वीस किलोपर्यंतचाच होता. सुई टोकाला जाऊन थरथरत थांबली.

"एकशे वीस किंवा अधिक," बाई आनंदानं म्हणाल्या.

"नेमकं किती ते हा काटा सांगत नाही," लेखनिक म्हणाली. "आकड्याशिवाय नोंद होत नाही. मोठ्या काट्याचं प्रमाणपत्र आणा. आज पाचच्या आत."

हॉस्पिटलचा काटा नेमका दुरुस्तीला गेलेला. शहरातला पुढचा मोठा काटा गोदामांपाशी होता आणि त्याच्यावर ट्रक तोलत. एका ट्रकवाल्याला दया आली. आधी त्याचा ट्रक एकटा तोलला गेला, मग शेजारच्या सीटवर रेकॉर्डबाई मांडीवर पर्स घेऊन बसल्या. फरक बरोबर एकशे वीस. "हा काटा वीसच्या पटीतच बोलतो," काटेवाला म्हणाला, आणि पावती भरता भरता थबकला. "बाई, मालाचा प्रकार काय लिहू? पोलाद, सिमेंट, की नाशवंत?"

"नाशवंत," बाई म्हणाल्या. "त्यासाठीच तर धडपड चाललीय."

समितीनं ती पावती ग्राह्य धरली आणि बाईंना मुलाखतीला बोलावलं. लांब टेबल, तीन सदस्य, मध्ये जाड भिंगांचा चष्मा लावलेले अध्यक्ष. त्यांच्या समोर परिशिष्ट सात होतं : इच्छाशक्ती.

"बाई, तुमच्यात इच्छाशक्ती आहे का?"

"आहे, साहेब."

"मग शस्त्रक्रिया कशाला? मनावर घ्या, कमी खा."

"बरं, नाही."

"मग शस्त्रक्रियेनंतरचं पथ्य कसं पाळणार? नामंजूर करावं लागेल."

रेकॉर्डबाईंनी पिशवीतून एक जाडजूड वही काढून टेबलावर ठेवली. स्वतःच्या वजनाचा बावीस वर्षांचा अभिलेख, पानांवर क्रमांक घातलेला.

"साहेब, मी आजवर दोनशे चौदा किलो वजन कमी केलंय. एवढ्यात ही अख्खी समिती उचलून बाहेर ठेवता येईल. आणि दोनशे एकसष्ट किलो परत आलंय, ते न बोलावता. सतरा प्रकारचे आहार केले. एक महिना नुसत्या कोबीवर काढला, त्या महिन्यात नवरा दुसऱ्या खोलीत झोपायचा. माझ्या वडिलांशी मी दोन वर्षं रस्त्यावरून बोलतेय. इच्छाशक्ती मोजायचा काटा तुमच्याकडे असेल तर आणा. तोही टोकालाच जाईल." मग त्या अध्यक्षांकडे वळल्या. "तुम्हाला चष्मा आहे. नीट बघायची इच्छाशक्ती कमी पडली का?"

अध्यक्षांचे कान लाल झाले. "मला चष्म्याची तेवढी गरज नाही," असं म्हणून त्यांनी तो ताडकन काढला, पेन उचललं, अर्ज नाकासमोर ओढला आणि दणदणीत सही ठोकली. 'मंजूर'च्या चौकटीत.

लेखनिकेनं ती पाहिली आणि शाई वाळायच्या आत शिक्का मारला. "सही झाली, साहेब. आता आदेश मागे घ्यायचा तर अर्जदारानंच तीन प्रतींत विनंती करावी लागते."

"मी करणार नाही," रेकॉर्डबाई म्हणाल्या.

शस्त्रक्रिया झाली. गंमत नव्हती. दोन आठवडे पातळ पेयं, तीही चमच्यानं. घाई केली की उलटी, केस गळले, आणि एका दुपारी अर्ध्या उकडलेल्या अंड्यापुढे बसून बाई अर्धा तास रडल्या, कारण ते संपत नव्हतं. पण दहा महिन्यांनी एका रविवारी त्यांनी खाली सोडलेली टोपली दोरीतून सोडवली, काखेत मारली आणि जिना चढू लागल्या. तिसऱ्या मजल्यावर दम लागला, तो लपवायला तिथे थांबून थोडं गाणं म्हटलं. चौथ्या मजल्यावर वडील दार उघडून रिकामी दोरी हातात धरून उभे होते.

"अगं, कशाला चढलीस?" ते म्हणाले. "मी वर ओढलंच असतं." आणि दोरी गुंडाळून तिच्या टोपलीत ठेवली. खाली चांभार ताटकळला, त्या दिवशी त्याला काहीच ऐकू आलं नाही.

बाकी जगानं कामाला सुरुवात केली. बावीस वर्षं 'कमी कर' म्हणणारे आता म्हणू लागले, "फार उतरलीस गं, पूर्वीच बरी दिसायचीस," आणि पाठ वळताच, "सोपा रस्ता धरला." कार्यालयाकडून नोटीस आली : ओळखपत्रावरील छायाचित्राच्या तुलनेत केवळ अंशतः कर्मचारी कामावर हजर आढळत असून, उर्वरित कर्मचारी विनापरवानगी गैरहजर का आहे, याचा खुलासा करावा. बाईंनी एका ओळीत केला : "उर्वरित कर्मचारी स्वेच्छानिवृत्त."

तो मान्य झाला. आता त्या मजेत आहेत, जिन्यांना तर सोडतच नाहीत.

इथे गोष्ट संपते, आणि तरी तुम्ही चुळबुळताय. बाईंच्या वडिलांची तब्येत कशी आहे, हे तुम्हाला विचारायचं नाहीये. तुम्हाला विचारायचंय : आता किती? सांगू की. फक्त आधी काट्यावर चढा, घरातल्या सगळ्यांना गोळा करा, आणि आपला आकडा खिडकीतून मोठ्यानं ओरडा. गल्ली ऐकतेय.